चोपड्यातल्या चोपडांचे चोपडे

"आपलं गाव कोणतं?"

"चोपडा."

"आडनाव नव्हे हो, गाव विचारलं मी."

हा संवाद मी आयुष्यात इतक्या वेळा केला आहे की त्यातली दोन्ही माणसं मी एकटा वठवू शकेन. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे हा प्रवेश ठरलेला. समोरचा माणूस फार हुशार असला तर दुसरा अंक सुरू होतो. "चोप्रा? म्हणजे तुम्ही पंजाबी का? मराठी मात्र छान बोलता हं!" मग मी सांगतो की मी मराठी छान बोलतो याचं कारण मला दुसरं काही येत नाही. चोपडा हे जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. खाली तापी, वर सातपुडा, सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेश, आणि मधल्या काळ्या जमिनीत केळी, कापूस नि आम्ही.

आमचं गाव लोकांना ठाऊक नसण्याचा पहिला दोष मी रेल्वेला देतो. सुरतेहून निघालेली तापी खोऱ्यातली गाडी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी नदीच्या दक्षिणेकडून जळगावला पोचते. आम्ही नदीच्या उत्तरेला. त्यामुळे अमळनेरला पिवळी पाटी, धरणगावला पिवळी पाटी, आणि चोपड्याला एसटीची पाटी. रेल्वेच्या पिवळ्या पाटीचं माहात्म्य फार मोठं आहे. माणूस झोपेतून अर्धवट उठतो, खिडकीतून ती पाटी वाचतो आणि पुन्हा झोपतो, पण गावाचं नाव जन्मभर त्याच्या डोक्यात राहतं. आमचं नाव असं कुणी झोपेत वाचलेलंच नाही.

दुसरा दोष नावाचा. नाव असं निवडलंय की मराठी भाषेला त्याच्याशी खेळल्याशिवाय राहवत नाही. तेल, तूप, मलम ही अंगाला किंवा भाकरीला लावायची तर ती 'चोपडायची' असतात. त्यामुळे मुंबईच्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात मला "काय चोपडता?" असं विचारून झालं. शाळेत एक मास्तर होते, ते छडी उचलताना म्हणायचे, "चोपड्याच्या पोरांना चोपलं नाही तर व्याकरण चुकतं." व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, गाव आणि आडनाव ओळखायची एक सोपी खूण आहे. विभक्ती लागताना गावाचं नाव वाकतं, माणसाचं आडनाव वाकत नाही. तुम्ही 'चोपड्याला' जाता, पण 'चोपडांना' भेटता. आम्हाला वाकायची सवय आहे, आडनाववाल्यांना नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि तिसरा चोपडा म्हणजे हिशेबाची वही. लाल कापडाची, उभी उलगडणारी, पहिल्या पानावर 'श्री' घातलेली. आता खरी गंमत ऐका. आमच्याकडे राजस्थानातून आलेले व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि ओसवाल जैनांमध्ये चोपडा हे एक गोत्र आहे. माझे वडील, म्हणजे नाना, ज्या कापसाच्या अडतदुकानात दिवाणजी होते त्या शेठजींचं आडनाव योगायोगाने तेच. म्हणजे नाना चोपड्यात राहून चोपडांकडे चोपडे लिहीत. शेजारच्या अमळनेरातला कुणी पाहुणा आला आणि त्याने विचारलं, "नाना काय करतात?" तर आमची माय हे वाक्य एका दमात म्हणून दाखवायची आणि पाहुण्याचा चेहरा बघत बसायची. तिच्या आयुष्यातली ती एकमेव शाब्दिक कोटी. ती तिने चाळीस वर्षं पुरवून वापरली.

आता हे चोपडा आणि चोप्रा वेगळे कसे झाले? माझ्या मते हा सगळा एका टिंबाचा घोटाळा आहे. हिंदीत ड खाली टिंब देऊन जो ड़ लिहितात तो जीभ वळवून उच्चारायचा असतो. आपण मराठीतही 'घोडा', 'वाडा', 'चोपडा' म्हणताना जीभ तशीच वळवतो, पण टिंब देत नाही. आपल्याला सवय आहे म्हणून भागतं. इंग्रजांना ते जमेना. त्यांनी कुठे त्याचा डी केला, कुठे आर. म्हणून अरोड़ाचा अरोरा झाला, गुड़गावचं इंग्रजीत गुरगाव झालं, आणि ओडिशाचं ओरिसा झालेलं 2011 साली कायदा करून दुरुस्त करावं लागलं. पंजाबातला खत्री चोपड़ा असाच इंग्रजीत जाऊन चोप्रा होऊन परत आला. मराठी वर्तमानपत्रं त्याला इंग्रजीवरून उचलतात आणि 'चोप्रा' छापतात. हिंदी वर्तमानपत्रं मात्र अजून सरळ 'चोपड़ा' छापतात. त्यामुळे हिंदी पेपर वाचणाऱ्याला आमचं गाव म्हणजे सिनेमावाल्या घराण्याची खासगी जहागीर वाटते.

2 ऑक्टोबर 1988 पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं, तेव्हा मायने बी. आर. चोपडांना तिथल्या तिथे दत्तक घेतलं. "नावातच गाव शे ना त्येच्या," असं तिचं म्हणणं. मी तिला समजावलं की बाई, ते पंजाबचे. आपल्याकडे गावावरून आडनाव पडलं तर शेवटी 'कर' लागतो, ते चोपडेकर नाहीत. माय म्हणाली, "मोठा माणूस झाल्यावर काढून टाकला असेल कर." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुंबईत राहून मी तरी कुठे गावाचं नाव पाठीवर मिरवत होतो?

पुढे 7 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत नीरज चोप्राने 87.58 मीटर भाला फेकून सोनं आणलं, तेव्हा मी गावीच होतो. चहाच्या टपरीवर एकाने जाहीर केलं, "आपला चोपडानं नाव काढं पोऱ्यानी!" मी म्हटलं, अरे, तो हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातला, खंडरा गावचा. तर दुसरा म्हणाला, "मंग? पानिपतले कोन गेलथं?" आता आली का पंचाईत! नीरजचा रोड समाज आपलं मूळ 1761 च्या पानिपतात मागे राहिलेल्या मराठ्यांशी जोडतो. इतिहासकारांमध्ये त्यावर वाद आहे, पण टपरीवर मुळीच नव्हता. आणि मजा बघा, त्या समाजाचं नावही हिंदीत 'रोड़' आणि इंग्रजीत 'रोर'. इथेही तेच टिंब! मी मुकाट्याने चहा प्यालो आणि पैसे दिले. सोनं आपल्या गावात येत असताना व्याकरण काढणं बरं नव्हे.

तुम्ही म्हणाल, एका गावाचं नाव आडनाव म्हणून कुणाचं असलं तर एवढं काय बिघडलं? पण नुसत्या आडनावावर भागत नाही हो. गोव्यात पेडणे तालुक्यात चोपडें आहे. शिवोलीहून पूल ओलांडला की तेच लागतं. पूल होण्याआधी तिथे फेरीबोट होती. म्हणजे त्या चोपड्यालाही नदी पार करूनच जावं लागे! सांगोला तालुक्यात चोपडी आहे. आम्ही चोपडा, ती चोपडी. मोठी वही नि छोटी वही.

आणि खुद्द आमच्या तालुक्याची अवस्था काय सांगावी! इथे लासूर आहे, आणि मनमाडहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या रेल्वेवर दुसरं लासूर आहे. त्याला रेल्वे मिळाली म्हणून तेच लासूर स्टेशन होऊन बसलं. गोरगावले दोन आहेत, एक बुद्रुक, एक खुर्द. हे बुद्रुक म्हणजे फारसीतलं बुजुर्ग, थोरलं, आणि खुर्द म्हणजे धाकटं. भावाभावांनी वाटण्या केल्यासारखी ही नावं बादशाही अमलापासून चालत आली. धानोरे तर महाराष्ट्रात गल्लोगल्ली. म्हणून आमच्या धानोऱ्याला सरकारी कागदावर 'प्र. अ.' अशी शेपटी असते. प्रगणे अडावद. प्रगणे गेले, बादशहा गेले, इंग्रज गेले, तलाठ्याच्या दप्तरातली शेपटी राहिली. अडावदजवळ उनपदेवाचा गरम पाण्याचा झरा आहे, म्हणून एकदा मी मुंबईच्या मित्रांपुढे फुशारकी मारली. एकाने शांतपणे सांगितलं की उनपदेव नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याकडेही आहे, तिथेही गरम पाणी आहे. देवानेसुद्धा आमच्यासाठी वेगळं नाव शोधायचा त्रास घेतला नाही. फार काय, आमच्या जिल्ह्याच्या गावाचीही तीच कथा. बुलढाण्यातलं जळगाव वेगळं कळावं म्हणून त्याला जामोद जोडावं लागतं.

पण या सगळ्या नामसख्यांमध्ये ज्याने माझ्या आयुष्यात ढवळाढवळ केली ते चोपडा निराळंच. ते बंगालमध्ये आहे.

1971 साली मी एकवीस वर्षांचा होतो. मुंबईच्या एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी परीक्षा देऊन आलो होतो. पास झाल्याचं कळलं होतं, नेमणुकीचं पत्र यायचं होतं. जूनचा महिना गेला. नाना रोज दुकानातून परतताना पोस्टात डोकावून येत. पोस्टमन आमच्या गल्लीत शिरला की माय दारात येई आणि तो पुढे गेला की उगाच उंबरठा झाडू लागे. पाऊस नीट नव्हता. घरात मी थोरला, माझ्यामागे तिघं. नाना काही बोलत नसत, पण जेवताना एक भाकरी कमी घेऊ लागले होते. विचारलं तर म्हणत, "वयानं भूक कमी होस."

पत्र आलं ते जुलैच्या अठरा तारखेला. आत लिहिलं होतं की एक तारखेपर्यंत हजर व्हा, अन्यथा नेमणूक रद्द समजण्यात येईल.

माय मटकन खाली बसली. नानांनी पत्र बाजूला ठेवलं आणि पाकीट उचललं. दिवाणजी माणूस, मजकुरापेक्षा शिक्के आधी बघणार. पाकिटावर माझं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं टंकलेलं होतं. पण गावाच्या जागी त्या कचेरीतल्या कुणा टंकलेखकाने डीऐवजी आर मारला होता आणि तालुका-जिल्हा खाऊन टाकला होता. नुसतं 'चोपरा'. आणि ते पत्र इमानेइतबारे चोपऱ्याला जाऊन आलं होतं! पश्चिम बंगाल, तेव्हाचा पश्चिम दिनाजपूर जिल्हा. पाकिटाच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने, बारीक, स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं की इथे असा कुणी नाही, खानदेशातलं चोपडा पाहावं.

नानांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "भो, हाई पाकीट फेकू नको. पत्रापेक्षा हाई मोठं शे."

त्याच रात्री आम्ही दोघं निघालो. एसटीने जळगाव, तिथून गाडी. नाना जन्मात पहिल्यांदा मुंबईला चालले होते, आणि सारी रात्र त्यांनी ते पाकीट बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवून सांभाळलं. कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी आधी पत्र पाहिलं आणि मान हलवली. मग नानांनी पाकीट पुढे केलं. साहेबांनी ते उलटसुलट केलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बंगालला कशाला गेला होतात?"

"मी नाही गेलो साहेब, पत्र गेलं होतं."

साहेब हसले. पाकिटावरचे शिक्के नि ती पेन्सिलीची ओळ यांच्यापुढे नियमाचं काही चाललं नाही. मला हजर करून घेतलं. त्या टेबलापासून सुरुवात करून मी 2008 साली निवृत्त झालो. तिन्ही भावंडांची शिक्षणं, लग्नं, मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या पेन्सिलीच्या ओळीवर झालं.

पुढे मी हळूहळू त्या चोपड्याची माहिती काढली. एखाद्या दूरच्या नातेवाईकाची काढावी तशी. आपल्या चोपड्याहून ते फार वेगळं. तिकडे चहाचे मळे आहेत, आपल्याकडे केळीचे. ते पूर्वी बिहारात होतं, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बंगालकडे गेलं. 1992 साली त्यांचा जिल्हा दोन झाला आणि ते उत्तर दिनाजपुरात आलं. जिल्हे फुटण्याचा अनुभव आम्हालाही आहे. 1906 साली खानदेशाचे पूर्व नि पश्चिम असे दोन झाले, आम्ही पूर्वेत. नंतर पूर्व खानदेशाचं नाव जळगाव झालं. त्यांच्यापलीकडे बांगलादेशाची सरहद्द, आमच्यापलीकडे मध्य प्रदेशाची. त्यांच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ, आमच्याही नावाचा. 2 मे 2021 रोजी बंगालची मतमोजणी चालू असताना हिंदी वाहिनीवर पट्टी सरकली, 'चोपड़ा', आणि मी सोफ्यावरून ताडकन उठलो. आमच्याकडे निवडणूक लागली नि मला पत्ता नाही? सूनबाईंनी खाली बसवलं.

असा घोटाळा आता होत नाही म्हणे. 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड आला. आमचा 425107. या नावाचा कुणी सिनेमा काढलेला नाही, भाला फेकलेला नाही, आणि या नावाने कुणी पोळीला तूपही लावत नाही. माझ्या गावाला स्वतःचं, एकट्याचं असं नाव मिळालं ते हे. फक्त ते माझ्या पत्रानंतर एक वर्षाने मिळालं. आधी मिळालं असतं तर मी एक तारखेला वेळेवर हजर झालो असतो, आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

1994 साली नाना गेले. दिवस झाल्यावर त्यांची ट्रंक उघडली. दुकानाचे चोपडे दुकानात, पण घरखर्चाचा एक चोपडा ते स्वतः ठेवत. त्यात दुधाच्या पैशांपासून माझ्या मनिऑर्डरीपर्यंत सगळं. चाळता चाळता 1971 चा श्रावण आला. तिथे ते पाकीट घडी घालून ठेवलेलं, आणि शेजारी नानांच्या मोडी वळणाच्या अक्षरात नोंद. 'देणे. चोपडा, बंगाल. टपालातला माणूस. एक ओळ.' रकमेची जागा कोरी.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशांचा पै-पैचा मेळ घातला, ज्याच्या रोजमेळात एक जागा कधी कोरी राहिली नाही, त्याने ही रक्कम लिहिली नव्हती. आणि दर पाडव्याला नवा चोपडा घातला की ही बाकी त्याने पुढे ओढली होती. 1972, 1973, थेट 1993. प्रत्येक वर्षी तेच तीन शब्द. देणे. चोपडा, बंगाल. प्रत्येक वर्षी जागा कोरी.

मी ठरवलं, हे देणं आता आपण फेडायचं. 1995 च्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा एक सुंदरसं भेटकार्ड आणलं. आत सगळी हकीकत लिहिली, आभार मानले, आणि पाकिटावर पत्ता घातला. 'पोस्टमास्तर, चोपडा, पश्चिम दिनाजपूर.' नानांच्या नोंदीला साजेसा, देवनागरीत. पिनकोड माहीत नव्हता. म्हटलं, माझं पत्र बिनपिनकोडाचं त्यांनी पोचवलं, तर त्यांचं त्यांना पोचणार नाही? आमच्याच पोस्टाच्या लाल पेटीत पाकीट टाकलं नि हात जोडले.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन दारात. हातात माझंच पाकीट.

"दादा, हाई तुमनं अक्षर वळखं मी. आते पोस्टमास्तरले देवानं व्हतं तं पेटीमा कशाले टाकं? आपला चोपडा तं हाऊच शे!"

पत्राने गाव सोडलंच नव्हतं. माझी चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. चोवीस वर्षांपूर्वी कुणीतरी गाव ओळखायला चुकलं आणि कुणीतरी ती चूक सुधारली. मला मात्र चूकसुद्धा धड बंगालपर्यंत नेता आली नाही.

परवा नातवाने फोनवर एका मिनिटात त्या चोपड्याचा पिनकोड काढून दिला. "आजोबा, आता पाठवा. चुकायचं कामच नाही." पाकीटही आणून ठेवलं आहे. पण ती पेन्सिल धरणारा माणूस आज असला तरी नव्वदीच्या घरात असेल, आणि त्याला ती ओळ आठवण्याचं काही कारण नाही. आणि दुसरं म्हणजे, नानांच्या हातची सगळी खाती आता मिटली आहेत. दुकान मिटलं, दूधवाला मिटला, मनिऑर्डर मिटली. चालू असं एवढं एकच उरलंय. म्हणून दर पाडव्याला मी साध्या वहीत का होईना, ती बाकी पुढे ओढतो. देणे. चोपडा, बंगाल.

रकमेची जागा मीही कोरीच ठेवतो. नाना दिवाणजी असून त्यांना आकडा सुचला नाही, मी तर नुसता कारकून.